तक्रारीचा कागद पुढे कुठे जातो?

गोव्यात कुणाविरुद्ध चार ओळी लिहायच्या म्हणजे आधी तो कुणाचा कोण लागतो ते बघावं लागतं. 2011 च्या जनगणनेत आमच्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख भरली होती. ज्याच्याबद्दल तक्रार करायची तो म्हार्दोळच्या जत्रेत समोर येतो, त्याची आई आपल्या आतेच्या जावेची बहीण निघते, आणि त्याच्या लग्नाची पत्रिका आपल्याच घरी देव्हाऱ्यापाशी पडलेली असते. मग माणूस लिहायला घेतलेला कागद घडी करून ठेवतो.

माझी नोकरी सगळी राज्याबाहेरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात झाली. फिजिऑलॉजी शिकवायचे. कॉलेजचं नाव सांगणार नाही. ओळखीतले अंदाज बांधतील आणि बहुधा चुकतील. तिथे आधी शिस्तपालन समितीवर होते, मग अँटी-रॅगिंग समितीवर. निवृत्त होऊन फोंड्याला परत आल्यापासून आमच्या सोप्यावर अधूनमधून कुणाची तरी आई येऊन बसते. मुलगा किंवा मुलगी मेडिकलला, कुठल्या तरी दूरच्या राज्यात. चहा होईपर्यंत पावसाबद्दल आणि गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाच्या भावाबद्दल बोलणं होतं. मग हळूच विषय निघतो. सर असं असं बोलले. सीनियरने रात्रभर उभं ठेवलं. सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तर पुढे काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कायद्याने समित्या नेमल्या आहेत, हेल्पलाइन आहे, कॉरिडॉरमध्ये कुलूपबंद तक्रारपेटीही असते. माझा सगळा जीव दुसऱ्या प्रश्नात अडकलेला आहे, कारण आमच्याकडे त्याची दोनच उत्तरं रूढ आहेत. एक तर काहीच होत नाही, नाहीतर समोरच्याचं वाटोळं होतं. मधलं काही नाही. आणि मधलं काही नाही म्हणूनच शहाणी मुलं तोंड उघडत नाहीत.

एक प्रसंग सांगते. मेडिसिनच्या एका वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर फार जुन्या आणि नजरेच्या तिखट होत्या. एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की इंटर्नने लिहिलेल्या केसपेपरांत बाराही पेशंटचं बीपी 120/80 आहे. त्यातला एक पेशंट त्या वेळी खाटेवर नव्हताच, एक्स-रेला गेला होता. सिस्टरनी हे असिस्टंट प्रोफेसरच्या कानावर घातलं. तोंडीच, कारण असलं काही लिहून देण्याचा फॉर्मच नव्हता. दुसऱ्या दिवशी राउंडवर युनिट हेडनी त्या मुलाला सगळ्यांदेखत विचारलं, "काय डॉक्टरसाहेब, कफ न बांधता बीपी कळण्याची सिद्धी कुठे मिळवलीत?" रेसिडेंट हसले, इंटर्न हसले, दोन पेशंटही हसले. मुलाला इंटर्नशिपचं पंधरा दिवसांचं एक्स्टेंशन मिळालं. प्रकरण संपलं.

आता वरवर पाहिलं तर सगळं झालं. तक्रार आली, खरी ठरली, शिक्षा झाली, तीही चोवीस तासांत. पण पुढे काय झालं ते सिस्टरनीच मला सांगितलं. मुलगा बीपी घ्यायला लागला नाही. तो 118/76, 124/82 असे वेगवेगळे आकडे लिहायला लागला. आणि चहाडी कुणी केली हे त्याच्या बॅचला कळल्यामुळे सिस्टरनी रात्री कॉल दिला की इंटर्न मुद्दाम उशिरा यायला लागले. सिस्टरनी नंतर कुणाबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही. वॉर्डात चालू स्थितीतलं बीपीचं यंत्र एकच होतं, तेही बहुतेक वेळ दुसऱ्या बाजूच्या वॉर्डात असायचं, ही गोष्ट तर चर्चेत आलीच नाही. तू असं का केलंस, हा प्रश्न त्याला दार लावून, खुर्ची देऊन कुणी विचारलाच नाही.

बीपीचे आकडे बसल्या जागी लिहिणं ही छोटी बाब आहे, असं म्हणणारे सहकारी मला भेटले आहेत. पोरं आहेत, शिकतील. त्यांना मी एका अभ्यासाचं सांगत असे. अमेरिकेत मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले 235 डॉक्टर त्यांनी घेतले, ज्यांच्यावर 1990 ते 2003 या काळात वेगवेगळ्या राज्यांच्या वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली होती. त्यांच्याशी तुलनेसाठी त्याच कॉलेजांतले, कारवाई न झालेले 469 डॉक्टर घेतले. मग सगळ्यांच्या विद्यार्थिदशेतल्या फायली काढल्या. कारवाई झालेल्यांपैकी 92 जणांच्या, म्हणजे 39 टक्क्यांच्या फायलीत वागणुकीबद्दलचे शेरे सापडले. दुसऱ्या गटात ते प्रमाण 19 टक्के होतं. सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते कमालीच्या बेजबाबदारपणाशी, आणि चूक दाखवल्यावरही न सुधारण्याशी. मार्कांचा संबंध त्यामानाने क्षीण होता.

हा अभ्यास ऐकला की लोक लगेच म्हणतात, बघा, म्हणजे असल्या पोरांना आधीच हाकलायला हवं. मी त्यांना दुसरा आकडा दाखवते. त्या 469 मध्येही 90 जणांच्या फायलीत शेरे होतेच, आणि त्यांच्यावर पुढे कधी कारवाई झाली नाही. म्हणजे फायलीतला शेरा हे भविष्य नाही. ती माहिती आहे. माहिती आली की आधी तिच्याकडे बघायचं असतं, लगेच निकाल द्यायचा नसतो. पण त्यासाठी मुळात ती फायलीत असावी लागते. आमच्या त्या बीपीवाल्या मुलाची फाइल कोरी होती. उद्या तो दुसऱ्या युनिटला गेला आणि तिथे आणखी काही केलं, तर ते पुन्हा पहिल्यांदाच घडलेलं असणार.

आता 2025 च्या जूनकडे येते, कारण त्याशिवाय गोव्यात या विषयावर बोलणं म्हणजे ढोंग होईल. 7 जूनला, बकरी ईदच्या सुट्टीच्या दिवशी, बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत एका वयस्कर रुग्णाला इंजेक्शन द्यायला नकार मिळाला, वागणूकही नीट नव्हती, अशी तक्रार आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांच्याकडे गेली. ते स्वतः तिथे पोहोचले, कॅमेऱ्यांसमोर ड्यूटीवरच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला फैलावर घेतलं आणि तिथल्या तिथे निलंबित करायला सांगितलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिडिओ देशभर फिरला, डॉक्टर रस्त्यावर उतरले, स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर असलेल्या मुख्यमंत्री प्रमोद सावंतांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं, मंत्र्यांनी माफी मागितली, आणि डॉक्टरांनी आग्रह धरला की जिथे अपमान केला तिथेच येऊन माफी मागा.

त्या आठवड्यात आमच्या सोप्यावर दोन पक्ष पडले होते. माझं म्हणणं दोन्ही पक्षांना आवडलं नाही. मला त्या रुग्णाच्या बाजूने वाईट वाटत होतं. तिथे नक्की काय बोलणं झालं, कोणत्या सुरात झालं, नकार नियमाला धरून होता की नव्हता, हे शांतपणे तपासायला हवं होतं. कॅमेरा चालू झाला त्या क्षणी तो प्रश्नच विरून गेला. तक्रार, चौकशी, निकाल आणि प्रक्षेपण हे सगळं काही मिनिटांत उरकल्यावर मूळ तक्रारीबद्दल कोण विचारणार? आणि अशा ठिकाणी इंटर्न असतातच. वरचा माणूस चिडला की खालच्याचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. मोठ्या प्रमाणावर तोच राउंड होता. "कफ न बांधता बीपी" वाला.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एटकॉम नावाचा भाग आहे. वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद. चांगलाच आहे, मी शिकवलेला आहे. पण सकाळी दहाच्या लेक्चरमध्ये सहानुभूती शिकलेली मुलगी दुपारी वॉर्डात काय बघते त्यावर तिचं खरं शिक्षण ठरतं. त्यावर जास्त लिहीत नाही, सगळे लिहितात.

मधली पायरी कशी असू शकते याचा नमुना मला अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात दिसला. म्हणजे वाचनात दिसला, गेले नाही कधी. जेराल्ड हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये एक उतरंड मांडली. एखाद्याबद्दल पहिल्यांदाच काही कानावर आलं तर त्याच्याच बरोबरीचा, यासाठी तयार केलेला एक सहकारी जाऊन त्याच्याशी कॉफीवर बोलतो. बोलणं अगदी थोडं. अमुक दिवशी अमुक घडल्याचं एकाने सांगितलंय, तुझी बाजू मला माहीत नाही, मी निवाडा करायला आलो नाही, पण हे तुझ्यापर्यंत पोहोचायला हवं असं वाटलं. एवढं सांगून उठायचं. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, कुणी सांगितलं ते तर मुळीच सांगायचं नाही. पुन्हा पुन्हा येत राहिलं तर आकडे समोर ठेवून बोलायचं. तरी बदल नसेल तर वरिष्ठांनी लेखी सुधारणा-योजना द्यायची, आणि शेवटी शिस्तभंग. त्यांचा अनुभव असा की बहुतेकांबद्दल कधी तक्रारच येत नाही, आणि येते त्यांतले बरेच जण पहिल्या एकदोन पायऱ्यांवरच सावरतात. लैंगिक छळ, मारहाण, दारू पिऊन ड्यूटीवर येणं असल्या गोष्टींना मात्र कॉफी नाही. त्या थेट वर जातात.

आमच्या समितीत मी हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "अहो मॅडम, चहा पिऊनच तर आपण सगळी प्रकरणं मिटवतो!" हशा पिकला, आणि त्यात तथ्य होतं. आपल्याकडचा चहा दोघांना समोरासमोर बसवून होतो. तक्रार करणारी मुलगी एका खुर्चीत, सर दुसऱ्या खुर्चीत, मधे कुणी तरी वडीलधारं. झालं गेलं विसरा, तुझ्या करिअरचा प्रश्न आहे, सरांच्या मनात तसं नव्हतं. मुलगी मान हलवते. त्या चहात सगळा भार तक्रार करणाऱ्यावर पडतो. हिक्सन यांच्या कॉफीत ती मुलगी टेबलावर नसतेच. शिवाय तिच्या तक्रारीची नोंद होते, तारखेसकट. गोव्यासारख्या ठिकाणी तर मी आणखी एक अट घालीन: कॉफी प्यायला जाणारा माणूस त्या तालुक्याचा नको.

खोट्या तक्रारी येतात का? येतात. इंटर्नल असेसमेंटमध्ये मार्क कमी पडलेल्या एका टोळक्याने एका कडक मॅडमवर चार पानी पत्र लिहिलेलं मी पाहिलंय. पण नीट विचार केला तर छोट्या पायऱ्यांचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच आहे. पहिल्या तक्रारीची किंमत दहा मिनिटांचं बोलणं एवढीच असेल, तर खोट्या तक्रारीनेही कुणाचं फारसं बिघडत नाही. पहिल्याच तक्रारीला निलंबन असेल, तर खऱ्या तक्रारीलाही पुरावा इतका कडेकोट लागतो की ती कधी सिद्धच होत नाही. निनावी चिठ्ठ्यांचंही तसंच. त्यांवर शिक्षा देता येत नाही हे मान्य. पण एकाच लेबर रूमबद्दल वर्षभरात निनावी चिठ्ठ्या येत राहिल्या, तर तिथे एक फेरी मारून यायला कुणाची हरकत असावी?

कायद्याने हात दिलेला नाही असं नाही. रॅगिंगसाठी यूजीसीचे 2009 चे नियम आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे 2021 चे वेगळे आहेत. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे: तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी, समितीवर बाहेरची एक व्यक्ती. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत तर स्पष्ट कलम आहे की व्यवसायबंधूंचं अनैतिक वर्तन भीडभाड न ठेवता उघड करावं. वाचायला छान वाटतं. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या लॉगबुकवर, थीसिसवर सही करणारा गाइड एकच असतो, आणि प्रॅक्टिकलच्या टेबलामागे तोच किंवा त्याचा मित्र बसलेला असतो. भीड कुठे ठेवू नको म्हणता?

2019 च्या मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की सीनियरच्या त्रासाबद्दल आम्ही आधीच सांगितलं होतं. प्रशासनाचं म्हणणं होतं, तशी तक्रार आमच्यापर्यंत आलीच नव्हती. न्यायालयाचं काम न्यायालय करील. पण "सांगितलं" आणि "आली नाही" यांच्यामधली ही दरी मी पुष्कळ कॉलेजांत पाहिली आहे. आई वॉर्डाच्या दारात उभी राहून रडत रडत सांगते, समोरचा "बघतो" म्हणतो, आणि त्या "बघतो"ला आवक-जावक नंबर नसतो. तोंडी सांगितलेलं लिहून घेणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे, असा साधा नियम करायला कुठल्या कमिशनची गरज नाही.

आता घरातलंच सांगते. माझी भाची इंटर्न आहे, गोव्याबाहेर. कुठे ते इथेही सांगत नाही. एका रात्री तिचा फोन आला. लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या एका बाईच्या मांडीवर रेसिडेंटने चापट मारली होती आणि वर एक घाणेरडं वाक्य टाकलं होतं. बाई मजूर, पहिलटकरीण. ती ओरडायचीही थांबली, म्हणाली भाची. "मावशी, लिहू का?"

लिहायचं कसं ते मी तिला सांगितलं. माणूस कसा आहे ते लिहू नकोस, काय दिसलं ते लिही. तारीख, वेळ, कोणती खाट, कोणते शब्द, आणखी कोण तिथे होतं. ऐकीव एक अक्षर नको. "नेहमीच असं करतात" हे तर मुळीच नको. आणि बाईचं नाव न लिहिता केस नंबर. तिने लिहिलं. वाचून मी तिला आणखी एक ओळ घालायला लावली: त्या रेसिडेंटची ड्यूटी आदल्या दिवशी सकाळपासून चालू होती. ती म्हणाली, म्हणजे आपण त्याची बाजू घेतोय का? मी म्हटलं, नाही. चापट ही चापटच. पण रेसिडेंटची सलग ड्यूटी साधारण बारा तासांपेक्षा जास्त नसावी हे केंद्राने 1992 मध्येच लिहून ठेवलंय, आणि रोस्टर बनवणारा माणूस वेगळा आहे. चौकशी करायची तर दोन्ही कागद टेबलावर येऊ देत. रेसिडेंट बदलून तेच रोस्टर ठेवलं तर पुढच्या महिन्यात हात दुसऱ्याचा असेल. शिवाय प्रसूतिगृहात बाईला सन्मानाने वागवणं हे 2017 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या "लक्ष्य" उपक्रमाचं उद्दिष्टच आहे. तिचं एक विश्वासाचं माणूस जवळ असू द्यावं, हेही त्यात येतं. त्या रात्री जवळ कुणी होतं का, हेही लिही म्हटलं. कुणी नव्हतं. सासू बाहेर जिन्यावर बसून होती.

माझी धाकटी बहीण, म्हणजे तिची आई, माझ्यावर जाम भडकली. "चार म्हयने उरल्यात, ओगी राव म्हण तिका," तिने मला फोनवर कोंकणीत सुनावलं, म्हणजे चार महिने उरलेत, गप्प राहा म्हण तिला. मग मराठीत, म्हणजे खरा राग आल्यावर: "ताई, तू पेन्शनवर बसलीस. तिला पीजीची सीट तिथेच मिळाली तर?" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत पदवी घेताना मुलांना वाईट वागणुकीबद्दल जी प्रश्नावली देतात, त्यातही न सांगण्याची कारणं हीच येतात: एवढं महत्त्वाचं वाटलं नाही, सांगून काही झालं नसतं, सूड घेतील अशी भीती वाटली.

ईमेल तिने पाठवली. विभागप्रमुखांना, प्रत डीनच्या कार्यालयाला. आठवडाभर काही नाही. मग एक ओळ आली की आपलं पत्र संबंधितांकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवलं आहे. त्यानंतर पुन्हा शांतता. रेसिडेंट तिथेच होता, तिच्याशी नेहमीसारखा बोलत होता. त्याच्याशी कुणी बोललं असेल, नसेल. कदाचित फार चांगल्या पद्धतीने बोललं गेलं असेल. पण लिहिणारीला ते कळायला मार्गच नव्हता, आणि तिच्या बॅचमधल्या ज्या दोघी तिची ईमेल बघून लिहायच्या तयारीत होत्या, त्या थांबल्या.

तक्रार करणाऱ्याला शिक्षेचा तपशील द्यायची गरज नाही, देऊही नये. पण वाचलं, बोललो, अमुक बदललं, पुन्हा काही दिसलं तर मला सांग, एवढं पत्र एखाद्या प्राध्यापकाला दहा मिनिटांत लिहिता येतं. माझ्या आठवणीत एका डीनने एका वॉर्ड सिस्टरला असं पत्र लिहिलं होतं, तीन ओळींचं, स्वतःच्या सहीचं. सिस्टरनी ते लॅमिनेट करून ड्यूटी रूमच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं होतं.

भाचीला मी दुसरी ईमेल लिहायला लावली आहे. त्यात आरोप नाही, आठवणही नाही. फक्त तीन प्रश्न. माझं निवेदन कुणी वाचलं? रात्रपाळीचं रोस्टर तपासलं का? लेबर रूममध्ये बाईजवळ एका नातेवाईक बाईला थांबू देणार का, आणि कधीपासून? बहिणीला अजून सांगितलेलं नाही. चवथीला ती घरी येईल तेव्हा सांगावं लागेल, आणि त्या दिवशी नेवऱ्या लाटताना माझं काही खरं नाही.